अनामिकेचं दुखणं

मंडळी, आधी एक करून बघा. मांडीवर वही ठेवा, तिच्यावर उजवा हात टेकवा. मधलं बोट आत मुडपा, बाकीची टेकलेलीच राहू द्या. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका? ती जागची हलत नाही! हाताच्या पाठीकडून तिची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शेजारच्या बोटांच्या कंडरांशी बांधलेली असते. मधलं बोट अडकलं की तीही अडकते. यात तुमच्या रियाजाचा काही दोष नाही, हाताची घडणच तशी आहे.

पियानोसाठी रचना करणारा शोपँ वाजवायला इतका अवघड का, याचं माझं उत्तर या बोटापासून सुरू होतं.

१८३३ साली त्याचे ओपस १० चे (म्हणजे दहाव्या क्रमांकाच्या संचातले) बारा एट्यूड, म्हणजे वादनाच्या अभ्यासासाठीच्या रचना, छापले गेले. ते त्याने पियानोवादक लिस्टला अर्पण केले होते. त्यातला दुसरा घ्या. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी अधूनमधून स्वरमेळ देतात. उरलेल्या तीन बोटांनी, म्हणजे हाताच्या दुबळ्या बाजूने, बाराही स्वरांची धाव वर-खाली खेळायची, कुठेही न तोडता. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला १४४ ठोक्यांवर आणि प्रत्येक ठोक्याला चार सूर. म्हणजे सेकंदाला साडेनऊहून जास्त. एरवी आपण अंगठा खालून घालून हात पुढे सरकवतो. इथे अंगठा दुसऱ्याच कामात गुंतलेला! मग लांब बोटं करंगळीवरून ओलांडून पुढे जातात. दीड मिनिटाचं काम, पण निम्म्यातच मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. नवखा माणूस तिथे हात घट्ट करतो आणि धाव तुटते.

त्या काळात बहुतेक शिक्षकांचा आग्रह होता की पाचही बोटं सारखीच बलवान झाली पाहिजेत. संगीतकार शूमानने बोटासाठी यांत्रिक साधन वापरलं. उजवा हात बिघडला आणि वादक होणं राहून गेलं. मलाही विद्यार्थिदशेत बोटं उंच उचलून आपटायला लावलं होतं. मनगट सुजलं, तीन महिने पियानो बंद. म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

शोपँची शिकवण याच्या नेमकी उलट होती. पियानो शिकवण्याच्या पद्धतीवर त्याने लिहायला घेतलेली टिपणं अपुरी राहिली, पण त्यांत तो स्वच्छ सांगतो: प्रत्येक बोटाची ताकद घडणीनुसार वेगळी, तर प्रत्येकाच्या आवाजाची खासियत का मारायची? अनामिकेला तो मधल्या बोटाचं जुळं भावंड म्हणतो. मुलांना सी मेजर या स्वरमालेऐवजी आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या स्वरांवर हात ठेवायला लावायचा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं पांढऱ्यांवर. हात आपसूक नीट बसतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचा सी मेजर वाचायला सोपा, हाताला सगळ्यात कठीण.

म्हणून शोपँ वाजवताना ताकद कमावण्यापेक्षा कुठल्या बोटाकडून काय मागायचं हे ओळखणं जास्त अवघड जातं. त्याला स्वतःलाही हे शेवटपर्यंत करावं लागलं. फेब्रुवारी १८४८. पॅरिसमधली त्याची शेवटची मैफल, शरीर थकलेलं. त्याच्याच ‘बार्कारोल’ या रचनेच्या शेवटी जिथे सगळा जोर लागतो, तिथे तो अगदी हळू, बारीक छटा काढत वाजवत गेला. पियानोवादक चार्ल्स हॅले तिथे ऐकत बसला होता. नेहमीच्या वाजवण्यापेक्षा हेच सरस नाही ना, असा प्रश्न त्याला पडला.