बीगल : तात्पुरत्या घरातून कायमच्या घरी

नमस्कार मंडळी. आज इथे आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना बीगल जातीचा कुत्रा फॉस्टर करायचाय, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत त्याला आपल्या घरी सांभाळायचंय. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. कुत्र्याला खाऊपिऊ घालणं, गोंजारणं हे तर कराल तुम्ही. पण फॉस्टरचं खरं काम म्हणजे हा कुत्रा नेमका कसा आहे ते पाहणं, लिहून ठेवणं आणि पुढच्या घराला हातचं न राखता सांगणं. दत्तक गेलेला बीगल परत येतो तो बहुतेक वेळा कुणी न पाहिलेल्या किंवा न सांगितलेल्या गोष्टीमुळे.

सशाच्या मागावर टोळीने धावण्यासाठी माणसाने ही जात घडवली. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 50 लाख असतात, बीगलच्या नाकात 22 कोटींच्या आसपास. एकदा वास लागला की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. माग मिळाल्याचं मागच्यांना कळावं म्हणून तो लांब सूर काढून ओरडतो, आणि फ्लॅटमध्ये तो सूर तीन मजल्यांवर ऐकू जातो. खाण्याची हाव जबर. जातीचे हेच गुण न पेलल्यामुळे तो घराबाहेर काढला जातो.

आपल्याकडे येणारे बीगल दोन तऱ्हेचे. एक घरांनी सोडलेले, दुसरे प्रयोगशाळांमधून सुटलेले. अंगाने लहान, स्वभावाने सोशिक आणि कळपात राहणारा म्हणून औषधांच्या चाचण्यांसाठी जगभर कुत्र्यांपैकी बहुतेक वेळा बीगलच वापरतात. प्रयोग संपल्यावर त्याचं पुनर्वसन करणं ही प्रयोग करणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे, असं भारतातले नियम सांगतात. अमेरिकेत 2022 साली व्हर्जिनियातल्या कंबरलंड इथल्या एन्विगो कंपनीच्या पैदास केंद्रातून सुमारे 4,000 बीगल बाहेर काढले, आणि काही आठवड्यांत ते देशभरच्या संस्थांकडे गेले. घरोघरची फॉस्टर मंडळी तयार नसती तर एवढे कुत्रे ठेवायचे कुठे?

घरातून सोडलेला कुत्रा घेताना मालकाकडून हक्क सोडल्याचं पत्र सहीनिशी घ्या, लसीकरणाचं पुस्तक घ्या. चावलाय का, कुणाला, कशावरून, हे स्पष्ट विचारा. पहिले 14 दिवस त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची लक्षणं दिसायला आठवडाभर, कधी दोन आठवडेही लागतात. फिनाइलने पार्व्होचा विषाणू मरेलच अशी खात्री नाही. जागा आधी साबणाने धुवायची, मग 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) एक भाग आणि पाणी तीस भाग असं द्रावण टाकून 10 मिनिटं फरशी ओली ठेवायची. फिनाइल आणि हे एकत्र मात्र कधीच करू नका.

पहिल्याच आठवड्यात रक्ततपासणी करून घ्या. आपल्या हवेत गोचीड बारमाही, आणि गोचीडतापात प्लेटलेट्स घसरतात. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या पाळीत, पट्ट्याखाली रोज हात फिरवून बघा. हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला तर वाट पाहू नका. बीगलने दोन वेळचं अन्न नाकारलं हे तर एकट्यानेच पुरेसं लक्षण आहे. कान लोंबते असल्याने आत हवा खेळत नाही. आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्या. आंबूस वास, तपकिरी मळ, सतत डोकं झटकणं म्हणजे संसर्ग. खोबरेल तेल, हळद असलं काही आत घालू नका, पडदा फाटलेला असेल तर इजा होते.

वजनावर जरा थांबू या, कारण सोडून दिलेले बरेच बीगल गोल मटोल होऊनच येतात. 11 किलो असायला हवा तो 16 किलोचा. अशाला ध्येयवजनाच्या हिशेबाने दिवसाला साधारण 420 कॅलरी लागतात. तेल लावलेली एकच पोळी शंभराच्या पुढे जाते, म्हणजे घरातल्या चौघांनी ताटातून एकेक तुकडा टाकला की संपलं! खाणं वाटीने नको, किचनच्या काट्यावर मोजा. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरलं की बस, त्याहून घाई केली तर स्नायूच झडतात. मोजून खाऊनही दोन महिन्यांत काटा हलला नाही तर थायरॉइड तपासा, बीगलमध्ये तो विकार आढळतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हे विष. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं बुरकुंड हे वेगळंच संकट : गिळलं की आतड्यात अडकतं. वारंवार उलटी आणि शी बंद, असं झालं की थेट एक्सरे.

प्रयोगशाळेतून आलेल्याला जिना माहीत नसतो, गवत माहीत नसतं. काही जण जमिनीला चिकटून थिजतात. ओढू नका. फरशी घसरते म्हणून चटई अंथरा, बाजूला पाठ करून बसा आणि त्याला स्वतः येऊ द्या. पिंजऱ्यात जिथे राहायचं तिथेच घाण, ही सवय असल्याने शी-शूचं शिक्षण शून्यातून, दर दोन तासांनी बाहेर.

आता सगळ्यात जपायची गोष्ट, निसटणं. घाबरलेला बीगल मागे सरकून साध्या पट्ट्यातून डोकं काढून घेतो. म्हणून हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) एक लीश म्हणजे दोरी, गळ्यातल्या पट्ट्याला दुसरी, दोन्ही तुमच्या हातात. मोकळ्या मैदानातही सोडायचा नाही. घराचं दार उघडण्याआधी मधल्या खोलीचं दार लावायचं. तरीही निसटलाच तर पाठलाग करू नका, दहा जणांनी नावाने हाका मारू नका, त्याने तो आणखी दूर पळतो. जिथून निसटला तिथे तुमचा न धुतलेला कपडा आणि वासाचं खाणं ठेवा. पहाटे आणि रात्री, रस्ता शांत असताना, तिथेच जमिनीवर बसून राहा.

एकटं राहण्याची चाचणी प्रत्येक बीगलची करायचीच. फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. ओरडणं कितव्या मिनिटाला सुरू होतं, किती वेळ चालतं, ते लिहा. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं असं वाढवत न्या. निघण्याआधी पाव तास जुन्या टॉवेलच्या घड्यांत दाणे लपवून हुंगायला द्या, नाक दमलं की कुत्रा झोपतो. सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे खरं. पण शेजाऱ्यांना नियम दाखवून ओरडणं थांबत नाही. पायमोजा उचलून बीगल गुरगुरत असेल तर हिसकावू नका, चिकनच्या तुकड्याशी अदलाबदल करा, आणि लहान मुलांच्या घरासाठी ही नोंद ठळक लिहा.

दत्तकासाठी फोन येतील. ‘मादी आहे का? पेपर (जातीचं प्रमाणपत्र) आहेत का? नसबंदी झालेली नाही ना?’ हेच पहिले प्रश्न असतील तर बोलणं तिथेच थांबवा, तो माणूस पिल्लं विकणारा असण्याची शक्यता दाट आहे. नसबंदी आणि 15 आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखचिप) झाल्याशिवाय कुत्रा द्यायचा नाही. घरी जाऊन बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघा. घरातल्या प्रत्येकाशी बोला, आजीशीसुद्धा, कारण दिवसभर कुत्रा तिच्याचजवळ असणार. वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा.

सोपवताना निदान आठवड्याचं चालू खाणं आणि त्याचं न धुतलेलं अंथरूण बरोबर द्या, आणि तुमची नोंदवही द्या, त्यातलं एकही पान न काढता. पहिले तीन दिवस तो कदाचित कमी खाईल किंवा लपून बसेल, हे आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने फोन करा. करारात एक कलम नक्की हवं : काही कारणाने ठेवता आलं नाही तर कुत्रा दुसऱ्या कुणाला न देता आपल्याकडेच परत आणायचा. परत आणणाऱ्याला बोल लावू नका, नाहीतर पुढचा माणूस गुपचूप रस्त्यावर सोडेल. काय बिनसलं ते विचारून वहीत लिहा आणि नव्या माहितीवर पुढचं घर शोधा.