चांद्रयानाच्या रूट कार्डावर कोणाकोणाच्या सह्या

(एका व्याख्यानमालेत केलेलं भाषण, बोललो तसंच ठेवलंय, फक्त खोकणं आणि माईकची कटकट काढून टाकली)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला "अंतराळ मोहिमा आणि त्यांचं श्रेय कोणाचं", मी म्हटलं अहो मी काही सायंटिस्ट नाही, मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये आयुष्यभर क्यूसीला होतो, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार घ्यायचो. ते म्हणाले म्हणूनच बोलावतोय. आता असं म्हटल्यावर काय बोलणार, आलो.

तर आधी रूट कार्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण आजचं सगळं भाषण त्याच्यावरच आहे. कारखान्यात एखादा जॉब फिरतो ना, टर्निंगला गेला, मिलिंगला गेला, हीट ट्रीटमेंटला गेला, तर त्याच्याबरोबर एक कार्ड फिरतं, तेलाने माखलेलं, कोपरे दुमडलेलं. त्यावर मटेरियल कुठल्या हीटचं, म्हणजे भट्टीतल्या कुठल्या घाण्याचं आहे त्याचा नंबर, प्रत्येक ऑपरेशनपुढे ज्याने केलं त्याची सही, तारीख, आणि शेवटी क्यूसीची सही. माझी. आता गंमत बघा, हे कार्ड लोक इतक्या मन लावून भरतात पण वाचतं कोण? जॉब बरोबर गेला तर कोणीच नाही, ते फाइलला लागतं आणि वाळवी खाते.

माझंच सांगतो. पंपाचं बेअरिंग हाउसिंग होतं, 80 मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, आणि ते तीन शतांश मिलिमीटरने जास्त गेलेलं. तीन शतांश म्हणजे तुमच्या केसापेक्षाही कमी, पण बेअरिंगला ते चालत नाही, बाहेरची रिंग आत फिरायला लागते आणि मग हाउसिंग खाऊन टाकते. महिनाअखेर होती, टर्नर म्हणाला साहेब घ्या ना, एकच पीस आहे. मी सही केली. तीन महिन्यांनी तो पीस परत आला, सोबत रूट कार्डची कॉपी, आणि माझ्या सहीभोवती लाल पेनने असा मोठा गोल. मला केबिनमध्ये उभं केलं. चूक माझीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोपर्यंतच्या माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत मी हजारो पीस बरोबर पास केलेले, त्यातलं एकही कार्ड कोणी मला दाखवायला आणलं नव्हतं की हे बघा, ही तुमची सही आणि हा पंप अजून चालतोय.

हे डोक्यात ठेवा आणि आता 23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आठवा. 6 वाजून 4 मिनिटं. तुम्ही सगळे टीव्हीसमोर असणार, मीही होतो, नातवाला मांडीवर घेऊन. आकडे खाली येतायत, ती हिरवी रेघ पुढे सरकतेय, आणि चांद्रयान 3 चा लँडर चंद्रावर टेकला. टाळ्या. आणि मला वाटतं दहा मिनिटंही झाली नसतील, माझ्या फोनवर भांडण सुरू! आमच्या जुन्या कामगारांच्या ग्रुपवर एक म्हणतोय हे नेहरूंमुळे, दुसरा म्हणतोय मोदींमुळे, तिसऱ्याने दोघांनाही शिव्या घातल्या, चौथा ग्रुप सोडून गेला. अजून परत आलेला नाही.

या भांडणाला मी फार वेळ देणार नाही, फक्त तारखा सांगतो. पहिल्या चांद्रयानाची घोषणा वाजपेयींनी लाल किल्ल्यावरून केली 15 ऑगस्ट 2003 ला, ते उडालं 22 ऑक्टोबर 2008 ला तेव्हा मनमोहन सिंग पंतप्रधान होते. चांद्रयान 2 ला मंजुरी मनमोहन सिंगांच्या मंत्रिमंडळाने दिली सप्टेंबर 2008 मध्ये, ते उडालं जुलै 2019 मध्ये मोदींच्या काळात. म्हणजे दोन्ही वेळी पेरणी एकाची आणि कापणीला बांधावर दुसराच. तुम्ही कोणत्याही पक्षाचे असा, कार्डावर तुमच्या माणसाची सही आहे आणि समोरच्याच्या माणसाचीही आहे, खोडता येत नाही. चला पुढे.

मला रस आहे तो खालच्या सह्यांमध्ये. चांद्रयान 3 ज्या रॉकेटने नेलं ते एलव्हीएम 3. त्याच्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड पांढरे बूस्टर दिसतात त्यांना एस 200 म्हणतात, एकेकात साधारण 200 टन घन इंधन. त्यांचा व्यास 3.2 मीटर, म्हणजे आपल्या या स्टेजवर आडवा ठेवला तर वरचा पंखा काढावा लागेल. आता या बूस्टरच्या पोलादी केसिंगचे भाग कुठे बनतात? वालचंदनगरला. इंदापूर तालुका. जिथे ऊस आणि साखर कारखाना होता, साखर कारखान्याची मशिनरी बनवायची म्हणून जे वर्कशॉप उभं राहिलं, तिथे. लोकांना हे सांगितलं की हसतात, पण त्यात हसण्यासारखं काही नाही हो, साखर कारखान्यात प्रेशरची भांडी असतात, जाड प्लेट वाकवायची, गोल करायची, वेल्ड करायची आणि ते वेल्ड दाबाला फुटायला नको, ही विद्या त्या हातात आधीपासून होती. अर्थात रॉकेटचं पोलाद वेगळं, मॅरेजिंग स्टील, त्याचे नखरे वेगळे, वेल्डचा एक्सरे काढायचा, अल्ट्रासॉनिक करायचं, मग आतून दाब देऊन बघायचं. एक बारीक छिद्र राहिलं की ते केसिंग बाद. मी एक्सरे फिल्म वाचलेल्या आहेत, त्यामुळे सांगतो, फिल्मवर एक काळा ठिपका दिसला की वेल्डरचा चेहरा कसा होतो ते मला माहितीय.

आणि मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं, वरच्या टप्प्यात क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणारं, ही बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेजचा मोठा हात. हो, ज्यांचं कपाट तुमच्या आजीकडे आहे तेच. विकास इंजिनची पण कहाणी आहे, 1970 च्या दशकात फ्रान्सबरोबर करार झाला की आमचे इंजिनियर येऊन तुमच्या वायकिंग इंजिनवर काम करतील, बदल्यात तुम्ही तंत्रज्ञान द्या. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन त्या कामात पुढे होते. त्यांना 1994 मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपात अटक झाली, सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये 50 लाखांची भरपाई द्यायला लावली, मधली 24 वर्षं गेली ती गेली. बघा, इथे तर कार्डावरची सहीच पुसायला निघालेले.

आता त्या बूस्टरमधलं घन इंधन. हे नाव इथल्या किती जणांना माहितीय बघू, हात वर करा, वसंत गोवारीकर? अच्छा, पाच-सहा. आणि त्यातले चार जण मान्सूनच्या अंदाजाच्या मॉडेलमुळे ओळखत असणार. पुण्यात जन्मलेला हा माणूस केरळात थुंब्याला जाऊन घन इंधनावर काम करत होता, पुढे 1979 पासून तिथल्या विक्रम साराभाई केंद्राचा डायरेक्टर झाला. हे इंधन म्हणजे पेट्रोलसारखं ओतायचं प्रकरण नाही, रबरासारखा एक पदार्थ, त्यात अमोनियम परक्लोरेट आणि ॲल्युमिनियमची पावडर, कणकेसारखं मळायचं, साच्यात ओतायचं आणि घट्ट होऊ द्यायचं. आत एक बुडबुडा राहिला की तिथे आग भलतीकडे पसरते. प्रमोद काळेही पुण्याचेच, ते पहिल्या फळीतले, आणि तेही पुढे त्याच केंद्राचे डायरेक्टर झाले. मी हे मराठी माणूस मराठी माणूस करायला सांगत नाहीये, थुंब्याला तमिळ, मल्याळी, गुजराती, बंगाली सगळे होते, पण आपल्या गावात आपल्याच माणसाचं नाव सहा जणांना माहिती असावं हे जरा कसंतरीच वाटलं.

आणि थुंब्याचंच बोलायचं तर तिथे आधी मच्छीमारांचं गाव होतं, मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. ती जागा चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ म्हणून साराभाईंना हवी होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी मान्य केलं, लोकांनी जागा सोडली, चर्चमध्ये ऑफिस झालं, आणि 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. रॉकेट अमेरिकन होतं बरं का. ज्यांनी स्वतःचं घर उचलून बाजूला नेलं त्यांची सही या कार्डावर कुठल्या रकान्यात घ्यायची सांगा. माझ्याकडे उत्तर नाही पण रकाना असायला हवा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे मला जो वाटतो तो. चांद्रयान 2 चा विक्रम लँडर 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे चंद्रावर आपटला. आपल्याला आठवतं काय, तर इस्रोचे तेव्हाचे प्रमुख डॉ. सिवन रडले आणि पंतप्रधानांनी मिठी मारली. त्या मिठीवर केवढी चर्चा! पण त्यानंतर बंगळुरूत जे झालं ते आमच्या धंद्यातलं होतं, त्यांनी रिजेक्शनचं कार्ड काढलं आणि ओळ न ओळ वाचली. सिवन यांच्यानंतर इस्रोचे प्रमुख झालेल्या सोमनाथांनी नंतर जाहीर सांगितलं काय सापडलं ते: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला, त्याने चुका साठत गेल्या, त्या दुरुस्त करायला यान झटकन वळायला हवं होतं पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली, आणि उतरायची जागा दिलेली फक्त 500 मीटर बाय 500 मीटर, त्यामुळे यान त्या जागेकडे पोचायला वेग वाढवत गेलं. एकही कारण मोठं नाही. सगळी तीन शतांशची.

मग पुढच्या वेळी काय केलं, जागा वाढवून 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटर केली, पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, वेग मोजायला लेझरचं नवीन यंत्र बसवलं. सेन्सर हेलिकॉप्टरवर बसवून तपासले, इंजिनं चालू करून क्रेनला टांगून बघितलं. पाय टेकवून बघायला चंद्रासारखी माती लागते, ती तमिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातल्या दोन गावांतून आणलेल्या दगडाची केलेली होती, तिथला दगड चंद्रावरच्या उंच भागातल्या दगडाशी जुळतो म्हणून. आणि जागा निवडायला फोटो कोणाचे वापरले? चांद्रयान 2 च्याच ऑर्बिटरचे, जो 2019 पासून वर फिरतोच आहे. म्हणजे ज्याला आपण फेल म्हणतो त्या मोहिमेच्या अर्ध्या भागाने दुसरीला रस्ता दाखवला. वीरमुथुवेल प्रोजेक्ट डायरेक्टर, कल्पना कालाहस्ती त्यांच्या सहयोगी, त्यांना श्रेय हवंच, शंभर टक्के. पण चांद्रयान 2 च्या एम. वनिता आणि रितू करिधाल यांना तुम्ही त्या संध्याकाळी किती आठवलंत? मीही नाही आठवलं. मी पेढा खात होतो.

इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन यांची गोष्ट तुम्हाला व्हॉट्सॲपवर शंभरदा आली असेल, 1979 मध्ये एसएलव्ही 3 हे रॉकेट समुद्रात पडलं तेव्हा पत्रकारांसमोर स्वतः बसले आणि 1980 मध्ये यशस्वी झालं तेव्हा कलामांना पुढे केलं. लोक म्हणतात किती नम्र माणूस. मला त्यात नम्रपणापेक्षा शॉप फ्लोअरची अक्कल दिसते. लाल पेनचा गोल आपल्या सहीभोवती घेतला की खालचा टर्नर घाबरत नाही, आणि घाबरला नाही की पुढच्या वेळी तो खरं सांगतो की साहेब, बोअर जास्त गेलंय. तिकडे रशियात बघा, स्पुटनिक आणि गागारिनचं उड्डाण ज्याने घडवलं त्या कोरोल्योवचं नाव सरकारने जगापासून लपवून ठेवलं, नुसतं "मुख्य डिझायनर" म्हणायचे, 1966 मध्ये तो वारला तेव्हा पेपरात नाव आलं. तिथे अपयश पण लपायचं आणि माणूस पण.

पाण्याच्या शोधाचं घोंगडं तर वेगळंच. चांद्रयान 1 वर नासाचं एक उपकरण होतं, एम 3, सप्टेंबर 2009 मध्ये जाहीर झालं की चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्या. लगेच इकडे ओरड, आमचं श्रेय चोरलं. अहो, उपकरण त्यांचं, गाडी आपली, शोधनिबंधात आपले जितेंद्रनाथ गोस्वामी सहलेखक, आणि खात्री करायला त्यांनी कॅसिनी आणि डीप इम्पॅक्ट या दुसऱ्या दोन यानांचा डेटाही ताडून बघितला. शिवाय आपल्या मून इम्पॅक्ट प्रोबवरच्या चेस नावाच्या उपकरणाने नोव्हेंबर 2008 मध्येच पाण्याची वाफ नोंदवलेली, पण ते छापून यायला 2010 उजाडलं. यात चोरी कुठे आहे? उशीर आहे. छापायला उशीर केला तर दुसऱ्याची सही वरच्या ओळीत जाते, हे आमच्याकडेही असंच असतं.

शेवटी एक फोटो आठवतो का बघा. सप्टेंबर 2014, मंगळयान कक्षेत शिरलं, आणि साड्या नेसलेल्या, केसात गजरे माळलेल्या बायका एकमेकींना मिठ्या मारून हसतायत. जगभर गाजला, "भारताच्या महिला शास्त्रज्ञ" म्हणून. नंतर इस्रोनेच सांगितलं की फोटोतल्या बायका प्रशासन विभागातल्या आहेत, मोहिमेवर काम केलेल्या महिला शास्त्रज्ञ भरपूर आहेत पण त्या या नव्हेत. मग लोक हिरमुसले, अरे म्हणजे ऑफिसवाल्याच. मला राग आला त्याचा. ऑफिसवाल्याच म्हणजे काय? परचेसची फाइल अडली, बिल पास झालं नाही तर व्हेंडर मटेरियल सोडत नाही, मी दहादहा दिवस एका गेजसाठी अडकलोय. त्या हसत होत्या तर बरोबरच हसत होत्या.

तर चांद्रयान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या त्या टर्नरचा फोन आला, तोच, तीन शतांशवाला. आता सत्तरीला आलाय, पुतण्याकडे असतो. म्हणतो साहेब, आपला एखादा पार्ट गेला असेल का हो वरती? मी म्हटलं अरे बाबा, आपण पंपाची हाउसिंगं करायचो, इस्रोचं काम आपल्याकडे कधी आलंच नाही. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, माझा मेव्हणा वालचंदनगरला होता ना, स्टोअरला. मी विचारलं स्टोअरला काय करायचा? म्हणाला वेल्डिंग रॉड मोजून द्यायचा.

मी म्हटलं मग गेलाय तुमचा पार्ट. संध्याकाळी त्याने गल्लीत पेढे वाटले, पुतण्याने फोटो पाठवला, बॉक्सवर पेनने लिहिलेलं होतं, "चांद्रयान, आमच्यातर्फे."