पांढरीखालचा महाराष्ट्र : डॉ. ह. धी. सांकलिया

1939 साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं. तेव्हा महाराष्ट्राचा इतिहास सांगायला लोक बसले की सातवाहनांपासून सुरुवात करत. लेणी होती, नाणी होती, शिलालेख होते. त्याआधी इथे कोण राहत होतं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते उत्तर मातीतून काढणारे प्राध्यापक याच वर्षी कॉलेजात रुजू झाले. त्यांचं नाव हसमुख धीरजलाल सांकलिया.

जन्म मुंबईचा, 10 डिसेंबर 1908 चा. सुरुवातीचा अभ्यास ग्रंथांवरचा, एम.ए.चा प्रबंध नालंदा विद्यापीठावर. पुढे लंडन विद्यापीठात गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. केली. त्याच काळात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल या इंग्लंडमधल्या प्राचीन टेकडी-किल्ल्याच्या उत्खननात काम करायला मिळालं. थर कसा वाचायचा, ते सांकलिया तिथे शिकले.

आता पांढर बघा, म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड. माणसं शतकानुशतकं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांवर नवी उभी राहिली. राख, शेण आणि भिंतींची माती साचत जमीन उंच होत गेली. हीच माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते. त्यामुळे अनेक पांढरी अर्ध्याअधिक कापल्या गेल्या आहेत.

अशा जागेवर आधी चौकोन आखतात. दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेला बांध ठेवतात, कारण त्याच्या उभ्या कापात सगळे थर एकावर एक दिसतात. माती थराथराने उतरवायची, फुटाफुटाने नाही; थर कधीच सपाट नसतो. मग खापरं धुऊन, वाळवून प्रत्येकावर जागा, चौकोन आणि थर शाईने लिहायचा. हे लिहायचं राहिलं, तर खापर कितीही सुंदर असो, ते काळ सांगू शकत नाही.

दख्खनमध्ये आणखी एक अडचण आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या थरातलं खापर भेगेतून खाली उतरतं. जुन्या लोकांनी खणलेले धान्याचे, कचऱ्याचे खड्डेही खालच्या थरात घुसलेले असतात. खड्ड्याची कड वेळीच ओळखून त्यातला माल वेगळा ठेवला नाही, तर सातवाहनांचं भांडं त्याहून हजार वर्षं जुन्या घरात सापडल्यासारखं दिसतं.

1950-51 मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी नाशिक आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. जोर्वेला पूर्वी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. आता त्यांच्या सोबतीची भांडी हाती आली. चाकावर घडवलेली, लाल, काळ्या रेघांची नक्षी असलेली, लांब तोटीची. भाजणी इतकी पक्की की खापर वाजवलं तर खणखणीत आवाज येतो. सातवाहनांच्या आधीचे, तांबं आणि दगड दोन्ही वापरणारे शेतकरी आता ओळखू येऊ लागले. आज ही जोर्वे संस्कृती साधारणपणे इसवी सनपूर्व 1400 ते 700 अशी धरतात.

मग नेवासे, 1954 ते 1956. प्रवरेच्या काठावरच्या या एकाच गावात किती काळ एकवटला आहे! नदीच्या खालच्या वाळू-गोट्यांच्या थरात बसाल्टसारख्या दगडाच्या हातकुऱ्हाडी. त्यावरच्या थरात चर्ट, जॅस्पर अशा कठीण, गुळगुळीत दगडांच्या छिलक्यांची लहान हत्यारं. टेकाडात जोर्वे लोकांची घरं, वर सातवाहन, त्याही वर मध्ययुग. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले. उत्खनन 1956 ला थांबलं आणि 1960 ला सविस्तर अहवाल छापून आला. हा वेग फार महत्त्वाचा आहे. अहवाल निघेपर्यंत उकरलेली जागा म्हणजे निव्वळ नष्ट केलेली जागा असते.

खोल चर काळाचा क्रम देतो, पण त्यात पूर्ण घर मावत नाही. म्हणून 1968 पासून शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला जमीन आडवी, विस्तीर्ण उघडली. हे काम म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या बरोबरीने झालं. जमीन हलक्या हाताने खरवडली की मऊ, गडद मातीचे गोल ठिपके दिसतात. ते कुजून गेलेल्या खांबांचे खळगे. ते जोडत गेलं की घराचा आराखडा मिळतो.

अशी शंभराहून अधिक घरं उघडी झाली. पाच खोल्यांचं एक मोठं घर, त्याला लागून धान्याचं कोठार. बांध घालून नदीचं पाणी वळवणारा पाट. सातूची शेती. आणि अखेरच्या काळात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या, हलक्या प्रतीची भांडी. पाऊस कमी झाला आणि शेती मागे पडली, असा अर्थ उत्खनकांनी लावला.

सांकलिया 1973 मध्ये निवृत्त झाले. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. इनामगावचं काम सहकाऱ्यांनी पुढे नेलं. त्याचा अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 28 जानेवारी 1989 रोजी सांकलियांचं निधन झालं.