रायबोसोमला अमायनो ॲसिड ओळखता येत नाही

बारावीत आपण सगळ्यांनी ते चित्र काढलंय, एम-आरएनएची, म्हणजे जनुकाच्या मजकुराच्या नकलेची पट्टी, त्यावर बसलेला रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, आणि त्यातून बाहेर येणारी अमायनो ॲसिडची साखळी, म्हणजेच प्रोटीन. चित्र बरोबरच आहे, पण ते बघून असं वाटतं की कुठल्या कोडॉनला (एम-आरएनएवरच्या तीन अक्षरांच्या गटाला) कुठलं अमायनो ॲसिड लावायचं हे रायबोसोमला ठाऊक असतं. तर नाही, अजिबात ठाऊक नसतं, आणि हे १९६२ सालीच सिद्ध झालंय.

शापव्हिल, लिपमन, बेंझर वगैरे मंडळींनी काय केलं बघा. अमायनो ॲसिड रायबोसोमपाशी एकटं येत नाही, ते टी-आरएनए नावाच्या छोट्या वाहक रेणूला चिकटून येतं, आणि त्या टी-आरएनएवर दुसरीकडे तीन अक्षरं असतात ती कोडॉनशी जुळतात. यांनी सिस्टीन हे अमायनो ॲसिड लावलेला टी-आरएनए घेतला आणि निकेल वापरून सिस्टीनमधलं गंधक काढून टाकलं. गंधक गेलं की उरतं ॲलनीन, हे वेगळंच अमायनो ॲसिड. म्हणजे टी-आरएनए सिस्टीनचा पण त्यावर बसलंय ॲलनीन. हे रायबोसोमला दिलं, तर त्याने सिस्टीनच्या जागी बिनदिक्कत ॲलनीन जोडून टाकलं! कुरियरवाला पत्ता बघतो, खोका उघडत नाही, तसंच. इतक्या साध्या केमिस्ट्रीने एवढा मोठा प्रश्न सुटला, म्हणून मला हा प्रयोग फार म्हणजे फारच सुंदर वाटतो.

मग रायबोसोम तपासतो काय? फक्त कोडॉनची आणि टी-आरएनएची अक्षरं जुळतात का ते. वेंकी रामकृष्णन, जन्म चिदंबरमचा, बीएस्सी बडोद्याची, २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले एक, त्यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधली तीन अक्षरं त्या जोडीचा आकार चाचपून बघतात, पहिल्या दोन जोड्यांना कडक, तिसरीला जरा सूट. बसली तर आत, नाहीतर टी-आरएनए बाहेर. आणि बॅक्टेरियात असं सेकंदाला साधारण पंधरा-वीस अमायनो ॲसिड जोडून होतात.

पण खोक्यात योग्य माल कोण भरतं? ते काम सिंथेटेज नावाच्या एन्झाइम्सचं, साधारणपणे एकेका अमायनो ॲसिडला एकेक, आणि पुस्तकात यांना एखादी ओळ मिळते हे मला खरंच खटकतं. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन घ्या, फरक फक्त एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. आयसोल्युसीनच्या सिंथेटेजला ते पकडायची जी खाच असते, तिच्यात व्हॅलीन आरामात बसतं, कारण ते लहान आहे, अडवणार कसं? म्हणून या एन्झाइमला दुसरी खाच असते, तिच्यात फक्त व्हॅलीनच मावतं आणि तिथे ते कापून टाकलं जातं. त्वचेच्या इन्फेक्शनवर मुपिरोसिनचं मलम देतात ना, ते बॅक्टेरियाच्या याच एन्झाइमला बंद पाडतं, की मग रायबोसोम शाबूत असूनही प्रोटीन बनत नाही.

ही कापाकापी थोडी जरी ढिली पडली तर काय होतं ते २००६ मध्ये उंदरांत दिसलं. ॲलनीनच्या सिंथेटेजमध्ये एका जागी बदल झालेला, त्यामुळे ॲलनीनच्या टी-आरएनएवर चुकून बसलेलं सेरीन पूर्ण काढलं जाईना, रायबोसोमने नेहमीप्रमाणे ते जोडलं, चुकीच्या घडीची प्रोटीनं साचली, आणि लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी मरत जाऊन त्या उंदरांचा तोल जायला लागला.