गृह आधारचा हप्ता: दीड हजारांनी घरात नेमकं काय बदलतं?

नमस्कार मंडळी.

‘सरकार खात्यात पैसे टाकतं, मग बागायतीत कामाला माणूस येणार कुठून?’ हा प्रश्न आपल्या गोव्यात वाळपईच्या बाजारात ऐकू येतो, डिचोलीत ऐकू येतो, आणि मागच्या व्हिडिओखाली तर तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लिहिला होता. आज त्यालाच हात घालूया. माझं मत आधीच सांगून टाकते. या पैशाने गरीब घर सावरतं. मात्र किती सावरतं, हे रकमेपेक्षा हप्त्याच्या तारखेवर जास्त अवलंबून असतं. कसं ते सांगते.

आधी गोव्यातल्या योजना पटकन बघून घेऊ. ६० वर्षांवरच्या माणसांना, विधवांना आणि दिव्यांगांना पेन्शन देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचं नाव तिला आहे. ज्येष्ठांना महिन्याला २००० रुपये. मग २०१२ साली, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना आलेली गृह आधार. नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि गोव्यात १५ वर्षांचं वास्तव्य हवं, मग घरातल्या विवाहित बाईच्या खात्यात पैसे येतात. सुरुवात १००० ने झाली, आता १५०० आहेत. त्याच वर्षी लाडली लक्ष्मी आली, मुलीच्या लग्नाच्या खर्चाला १ लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता सत्तरी तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. नवरा खाणीच्या ट्रकवर होता, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल ते काम करतो. डोंगरउतारावर थोडी काजूची झाडं आहेत. मार्च ते मे घरात पैसा असतो. बोंडू वेचायचे, बी काढून वाळवायची, विकायची. त्यात घर शाकारणं, लग्नकार्य, जुनी देणी सगळं उरकतं. मग पाऊस लागतो. जून, जुलै, ऑगस्ट या तीन महिन्यांत मजुरी नाही की बी नाही. वह्या-छत्र्या घ्यायच्या, दुखणीखुपणी काढायची आणि वर तोंडावर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची, पाहुणे यायचे, मुलांना नवे कपडे हवेत.

अशा वेळी काय होतं? काजू घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली जाते. व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते दरात वसूल होतं. पुढच्या मार्चमध्ये बी त्यालाच घालायची, तो म्हणेल त्या भावाने. बाजारात भाव चढला तरी आपल्याला बोलायची सोय नाही.

(पडद्यावर: दुकानदाराची उधारीची वही)

इथे दीड हजार रुपये येतात. किरकोळ वाटतात ना? ही वही बघा. तांदूळ, तेल, साखर, साबण. पुढच्या पानावर मुलाच्या तापाला नेलेल्या गोळ्या, आणि खाली ‘गृह आधार आला की’ असं लिहून ठेवलेलं. म्हणजे दुकानदार त्या हप्त्यावर विश्वास ठेवून माल देतो. दर महिन्याला ठरलेल्या सुमारास पैसे येत असतील, तर त्या बाईची पत उभी राहते आणि व्यापाऱ्याच्या दारात जायची पाळी टळते. बी कुणाला घालायची, हे मार्चमध्ये ती स्वतः ठरवू शकते. एवढासा पैसा घराला केवढा मोठा निर्णय मोकळा करून देतो बघा!

हे केवळ माझ्या मनातलं नाही. २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशात इंदूरच्या आसपास ‘सेवा’ या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने एक प्रयोग केला. काही गावांतल्या प्रत्येक माणसाला बिनशर्त महिन्याला २०० रुपये आणि मुलांमागे १०० रुपये दिले, पुढे ते ३०० आणि १५० झाले. शेजारच्या तशाच गावांना काही दिलं नाही आणि दोन्हींची तुलना केली. पैसे मिळालेल्या गावांत खाणंपिणं सुधारलं, मुलांची शाळेतली हजेरी वाढली, कर्ज कमी झालं. आणि आळसाचं म्हणाल, तर लोक दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतावर जास्त राबायला लागले. मजूर मिळत नाही असं बागायतदाराला वाटतं, ते खरंही असेल. पण तो माणूस कुठे गेला, ते बघायला हवं.

दुसरा आक्षेप दारूचा. ‘पैसे दिले की नवरा बारमध्ये उडवणार.’ डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष मांडला की अशा पैशाने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, उलट थोडा घटतोच. शिवाय गृह आधारचा पैसा बाईच्या खात्यात येतो. प्रत्येक घरात तिच्याच हातात राहतो असं मी म्हणणार नाही, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते आपण सगळे जाणतो. तरी खातं तिच्या नावावर असलं की घरात विचारणा होते, आणि तिथूनच बरंच काही सुरू होतं.

आता तारखेचा मुद्दा. केनियातल्या खेड्यांत योहानेस हाउशोफर आणि जेरेमी शापिरो यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे काही घरांना पैसे दरमहा दिले, काहींना तेवढेच एकरकमी. दरमहावाल्यांचं पोट नीट भरायला लागलं, एकरकमीवाल्यांनी मोठ्या वस्तू घेतल्या. दोन्ही चांगलंच. पण हेतू वेगळा, परिणाम वेगळा. म्हणून लग्नासाठी लाडली लक्ष्मीचे १ लाख एकदम देणं समजण्यासारखं आहे. चूल चालवायला दिलेले पैसे मात्र महिन्याच्या महिन्यालाच यायला हवेत.

गोव्यात हप्ते थकल्याचा विषय विधानसभेत कितीदा तरी गाजलाय. समजा जुलै आणि ऑगस्ट कोरे गेले आणि सप्टेंबरमध्ये तीन हप्ते एकदम आले. कागदावर ४५०० रुपये पूर्ण मिळाले, कुणाचं काही बुडालं नाही. पण जुलैतच व्यापाऱ्याची उचल घेऊन झालेली असते! पुढच्या वर्षीची बी तेव्हाच विकली गेली. उशिरा आलेल्या पैशाने तो व्यवहार परत फिरत नाही. सरकारला उशिराचा खर्च काहीच नाही, तो सगळा त्या बाईने भरला. मला याचा खरोखर राग येतो.

महागाईचंही असंच. २०२३ च्या उन्हाळ्यात घरगुती सिलिंडर ११०० रुपयांच्या पुढे होता. दीड हजारांतून तो भरला की हातात काय उरतं? वृद्धांच्या पेन्शनमधला केंद्राचा वाटा तर ८० वर्षांखालच्यांसाठी २००७ पासून २०० रुपयांवरच अडकलाय.

आणि काही जण योजनेत बसतच नाहीत. पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये, २००० चे तीन हप्ते, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतात. सत्तरीत मोकाशांच्या म्हणजे जुन्या इनामदारांच्या, सरकारी आणि पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेल्या अल्वारा जमिनींवर पिढ्यानपिढ्या काजू लावून जगणारी घरं आहेत. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, त्यांचं नावच नाही. राबतो तो, पण योजनेच्या लेखी तो शेतकरीच नाही.

म्हणून रेशन बंद करून त्याऐवजी पैसे द्यावेत, असं मी म्हणत नाही. झारखंडमध्ये रांचीजवळ नगडी इथे २०१७ मध्ये ते करून बघितलं. आधी बँकेत जाऊन पैसे काढायचे, मग रेशन दुकानात ३२ रुपये किलोने तांदूळ घ्यायचा. लोकांचे दिवसच्या दिवस रांगेत गेले, मोर्चे निघाले, आणि २०१८ मध्ये सरकारने तो प्रयोग गुंडाळला. आपल्याकडेही आतल्या वाड्यावरून बँकेपर्यंत जायचं म्हणजे बसची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. पैसे आधारवरून जमा होत असतील, तर ते तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. जे खातं शेवटी आधारला जोडलं, त्यात जातात. कर्जासाठी किंवा कुणाच्या सांगण्यावरून दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल, तर हप्ता तिथे पडून असू शकतो. बँकेत जाऊन ‘माझा आधार कुठल्या खात्याला जोडलाय’ एवढं विचारा. हयातीचा दाखला दिलाय का तेही बघा, त्यावाचून पैसे थांबतात. दोन्ही ठीक असूनही हप्ता आला नसेल, तर तालुका आणि किती महिने झाले एवढंच खाली लिहा. नाव, खाते क्रमांक, आधार क्रमांक कमेंटमध्ये टाकू नका.