बोटावर ९८, पण जखमेत किती?

मंडळी, करोनापासून ठाण्यात घरोघरी ऑक्सिमीटर आला. आजोबांच्या पायाची जखम दोन महिने चिघळलेली असते, पण बोटाला चिमटा लावून ९८ दिसले की घरचे निर्धास्त. तो आकडा हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती लादला आहे एवढंच सांगतो. पायाची धमनी चोंदली असेल, तर लादलेला माल टाचेपर्यंत पोचतच नाही.

आता गंमत अशी, की ताज्या जखमेत ऑक्सिजन कमी होणं हीच दुरुस्तीची हाक असते. एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी सतत बनवते आणि पुरेसा ऑक्सिजन असला की मोडून टाकते. ऑक्सिजन घटला की ते टिकतं, केंद्रकात शिरतं आणि नव्या केशवाहिन्यांची जनुकं जागी करतं. २०१९चं वैद्यकाचं नोबेल याच यंत्रणेच्या शोधाला मिळालं. काठावरच्या केराटिनोसाइट, म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्या, पेशीही तेव्हा सरपटू लागतात आणि विकरांनी वाट कापत जखम झाकतात. प्रयोगशाळेत तरुण दात्यांच्या पेशी कमी ऑक्सिजनमध्ये जास्त वेगानं सरकल्या; वृद्ध दात्यांच्या पेशींचा वेग वाढला नाही. हाक तीच, ऐकणारे कान म्हातारे.

टंचाई लांबली तर मात्र तरुणांचंही बिघडतं. कोलॅजनच्या धाग्याला पीळ पक्का बसायला ऑक्सिजन, लोह आणि क जीवनसत्त्व तिन्ही लागतात. जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा दारूगोळाही ऑक्सिजनचाच.

मग ‘जखम उघडी ठेवा, हवा लागू दे’ हे बरोबर? नाही. हवेनं जखम वाळते, खपली धरते आणि पेशींना खपलीखालून ओलावा शोधत जावं लागतं. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं, की झाकलेल्या ओलसर जखमेवर कातडी साधारण दुप्पट वेगानं येते. फेसाळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका; ते नव्या पेशीही मारतं.

रक्त पोचतंय का, हे घोट्यापाशी मोजलेला वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडावरचा, या गुणोत्तरावरून कळतं. ०.९ किंवा कमी म्हणजे धमनी अरुंद. मधुमेहात धमन्या चुन्यासारख्या कडक होतात, आकडा १.४च्या वर जातो आणि फसवतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यायचा. हे न तपासता घट्ट पट्टी बांधली, तर उरलंसुरलं रक्तही अडतं. त्वचेवर तापता सेन्सर चिकटवून ऑक्सिजनचा दाबही मोजता येतो. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरखाली असेल तर जखम भरण्याची आशा कमी. उच्चदाबाची ऑक्सिजन-पेटी काही निवडक जखमांना उपयोगी पडते, पण चोंदलेली धमनी ती उघडत नाही.

मधुमेह असलेल्यांनी दुपारी ठाण्यातल्या कौपीनेश्वर मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. बधिर पायाला चटका कळत नाही. जखम असेल तर दर रविवारी मोजपट्टीनं लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा. योग्य उपचार चालू असूनही चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही, तर मलम बदलत बसू नका, वही घेऊन रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जा.