न मारलेली उडी

नमस्कार श्रोतेहो. पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून पॅराशूटनं उडी घेणारा सैनिक, म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं बांगलादेशातल्या टांगाईलचं. 11 डिसेंबर 1971 ला आपल्या मराठा पॅरा बटालियननं, म्हणजे 2 पॅरानं, तिथं उडी घेतली आणि पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. आज मात्र मी न मारलेल्या उडीबद्दल बोलणार आहे.

निवृत्त पॅराट्रूपर भेटले की लढाईआधी ते आग्र्याच्या प्रशिक्षणाबद्दल बोलतात. पाच उड्या, त्यातली एक रात्रीची, मग छातीवर विंग, म्हणजे पॅराट्रूपरचं पंखांचं चिन्ह. पाठीवर मुख्य पॅराशूट, पुढं राखीव. विमानात इतका आवाज की शेजारच्याशीही खुणेनंच बोलायचं.

तर 3 नोव्हेंबर 1988. मालदीवमध्ये बंड झालं, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. आग्र्याला ब्रिगेडियर बुलसारा यांची पॅरा ब्रिगेड सज्ज झाली. पण नकाशा? समोर आली ती गानच्या धावपट्टीची माहिती. गान हे मालदीवचंच बेट, पण ते राहिलं राजधानी मालेपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला! मालदीवमधले आपले राजदूत बॅनर्जी नेमके तेव्हा भारतात होते, त्यांनी चूक लक्षात आणून दिली. मग पर्यटकांसाठीच्या नकाशावर आखणी झाली. (माझं जुनं म्हणणं आहे, प्रत्येक शाळेत हिंदी महासागराचा मोठा नकाशा टांगलेला हवा. आपल्या मुलांना लंडन दाखवता येतं, माले येत नाही.)

विमानतळ मालेत नाही, शेजारच्या हुलहुले बेटावर. बेट कसलं, जेमतेम धावपट्टी मावेल एवढं. चारी बाजूंना समुद्र. विमानतळ बंडखोरांच्या हातात असेल तर त्या अंधारात, त्या चिंचोळ्या बेटावर 6 पॅराच्या जवानांना उडी घ्यावी लागणार होती. वारा जरा फिरला तर माणूस शस्त्रांच्या ओझ्यासह थेट पाण्यात. लक्षात घ्या, हे ठाऊक असूनच ते विमानात बसले होते.

दोन हजारांहून जास्त किलोमीटर उडून आयएल-76 विमानं बेटाजवळ आली. पुढच्या विमानावर होते ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर. ठरलं असं होतं की विमानतळ सुरक्षित असेल तर नियंत्रण मनोऱ्यातून एक सांकेतिक शब्द येईल. शब्द आला तर उतरायचं, नाही आला तर उडी. पुन्हा सांगतो, एका शब्दावर उडी अवलंबून होती.

आणि रेडिओवर आवाज आला, "हुडिया, हुडिया, हुडिया!"

उडी रद्द. धावपट्टीवरचे दिवे काही क्षणच लागले, आणि ते अवाढव्य विमान अंधारात उतरलं. आपण शौर्य मोजतो ते घडलेल्या गोष्टींवरून. मला हे मान्य नाही. मनाची तयारी करून तासन्‌तास त्या विमानात बसलेला प्रत्येक जवान माझ्या लेखी उडी घेतलेलाच आहे.

तिथून होड्यांनी माले गाठलं, आणि उजाडायच्या आत गयूम आपल्या जवानांच्या संरक्षणात सुखरूप होते. बंडखोर 'प्रोग्रेस लाइट' जहाजातून ओलीस घेऊन पळाले, त्यांना गोदावरी आणि बेतवा या युद्धनौकांनी गाठलं. ती हकिकत नौदलाची. ती पुढच्या वेळी.